१२ आठवड्यांची वही: डेडलिफ्ट, नवतपा आणि ट्रेनरची तयारी

महिलांची सकाळची बॅच, वेळ ६ ते ७, मार्चचा पहिला आठवडा ते मेचा शेवटचा. आठवड्यात तीन दिवस वजनं, दोन दिवस नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या चढावर ४० मिनिटं भराभर चाल. बॅच घेणाऱ्यांपैकी दोघी ट्रेनरच्या परीक्षेची तयारी करताहेत, म्हणून वहीत व्यायामासोबत शिकवण्याच्या नोंदीही आहेत.

आठवडा ०: ध्येय कसं लिहायचं

फॉर्मवर ‘ध्येय’ या रकान्यात जवळजवळ नेहमी ‘वजन कमी करणे’ असतं. ते खोडायचं नाही, खाली दुसरी ओळ जोडायची: १२ आठवड्यांत काय *करता* आलं पाहिजे? चाळिशीच्या आतल्यांसाठी वापरलेल्या ओळी: शरीराच्या वजनाच्या आसपास डेडलिफ्टचे (जमिनीवरून रॉड उचलण्याचे) ५ रेप (आवर्तनं), जमिनीवरून ५ पूर्ण पुशअप, बारला ३० सेकंद लटकणं. साठीच्या पुढच्या काकूंसाठी एकच ओळ: हाताचा आधार न घेता जमिनीवरून उठणं. ती ओळ पुशअपपेक्षा सोपी समजू नका.

काटा ठेवायचा, पण त्याचं रोज ऐकायचं नाही. पाळीच्या आधीच्या दिवसांत शरीरात पाणी साठून वजन किलो-दोन किलोनं वर जाऊ शकतं. म्हणून या महिन्याचा आकडा मागच्या महिन्यातल्या पाळीच्या त्याच दिवसाशी लावायचा. कंबर मोजताना टेप बेंबीवर नको. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, साधा श्वास सोडून झाल्यावर. भारतीय बायकांसाठी ८० सें.मी. ही धोक्याची रेघ धरतात.

त्याआधी तब्येतीची प्रश्नावली, म्हणजे पार-क्यू प्लस. पहिल्या पानावर सात प्रश्न असतात. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर पुढची पानं भरायची आणि गरज पडली तर आधी डॉक्टर. इथे गडबड होते ती फॉर्म सगळ्यांसमोर भरून घेतल्यानं. बाळंतपण, उड्या मारताना लघवी निसटणं, रक्तदाबाच्या गोळ्या हे चारचौघींत कोणी लिहीत नाही. बाजूला बसवून, बाईनंच विचारायचं.

आठवडा १–३: रॉडचं खरं वजन

वहीतली सगळ्यात मोठी चूक इथे होते. सात फुटी ऑलिम्पिक रॉड २० किलोचा, महिलांच्या स्पर्धेचा १५ किलोचा आणि बारीक (जाडी २५ मि.मी., पुरुषांचा २८). पण गल्लीतल्या जिममधला पाच फुटी रॉड कितीचाही असतो. घरच्या काट्यावर रॉड घेऊन उभं राहा, मग रॉडशिवाय, आणि वजाबाकी करा. रॉडवर मार्करनं आकडा लिहून टाका. नाहीतर दोन वेगळ्या रॉडवरचे ‘३० किलो’ वहीत एकच दिसतात आणि प्रगती झाली की नाही तेच कळत नाही.

दुसरी अडचण उंचीची. मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सें.मी. असतो, म्हणजे रॉड जमिनीपासून साडेबावीस सें.मी. वर राहतो. नवशिक्या बाईच्या रॉडला ५ किलोच्या छोट्या प्लेटी लागतात, रॉड घोट्याजवळ जातो आणि पाठ गोल होते. दोष तिच्या पाठीचा नसतो. दोन्ही बाजूंना १०-१० किलोच्या प्लेटी आडव्या रचून त्यांच्यावर रॉडच्या प्लेटी टेकवा, मग उचलायला लावा.

‘पाठ सरळ ठेवा’ ही सूचना चालत नाही, बाई मागे वाकते. ‘दोन्ही हातांत पातेली आहेत, ढुंगणानं दार लोटा’ म्हटलं की बहुतेकींना पहिल्या पाच रेपमध्ये जमतं. तपासायला झाडूचा दांडा पाठीला लावा: डोकं, पाठीचा वरचा भाग, माकडहाड, तिन्ही ठिकाणी टेकलेला राहिला पाहिजे. माकडहाडाकडून सुटला तर कंबर गोल होतेय, डोक्याकडून सुटला तर मान पुढे पडतेय. एका सेटला (सलग केलेल्या रेपच्या एका फेरीला) एकच सूचना. तीन एकदम दिल्या तर एकही पाळली जात नाही.

आठवडा ४–८: वजन चढवणं

पद्धत साधी: ३ सेट, ६ ते ८ रेप. तिन्ही सेटला ८ पूर्ण झाले आणि शेवटी ‘अजून दोन निघाले असते’ असं वाटलं, तरच पुढच्या वेळी वजन. डेडलिफ्ट आणि स्क्वॉटला २.५ किलो चालतात. खांद्याच्या प्रेसला (रॉड डोक्यावर ढकलायला) नाही: २० किलोवर २.५ म्हणजे साडेबारा टक्क्यांची उडी, तिथेच बायका अडकतात आणि ‘हातात ताकदच नाही’ म्हणून सोडून देतात. अर्ध्या किलोच्या प्लेटी नसतील तर मनगटाला बांधायचे अर्ध्या किलोचे पट्टे रॉडच्या दोन्ही टोकांना घट्ट गुंडाळा, एक किलोची उडी मिळते.

५५ किलो वजनाच्या एकीची डेडलिफ्टची ओळ नमुन्याला: आठवडा १, २० किलो × ८. आठवडा ४, ३२.५ × ८. आठवडा ८, ४५ × ६. आठवडा १२, ५२.५ × ५. एका रेपचा अंदाज काढायचा तर वजन × (१ + रेप ÷ ३०), म्हणजे साधारण ६१ किलो. अंदाजच पुरे, नवशिक्यांची एका रेपची परीक्षा घेण्यात काही हशील नाही.

पुशअप गुडघ्यावरून सुरू केले नाहीत. गुडघे टेकले की पोट आणि मांड्या सुटतात आणि पूर्ण पुशअपकडे जायची पायरीच राहत नाही. ७५ सें.मी. उंचीचं टेबल, मग ४५ चा बेंच, मग २० चा स्टेप, मग जमीन. प्रत्येक उंचीवर ३ × १० झाले की खाली.

सहाव्या आठवड्यात दोघी अडकल्या. वॉर्मअपलाच धाप, सेटनंतर नाडी लवकर उतरत नाही, वजन मात्र हलकंच. अशा वेळी प्रोग्रॅम बदलू नका, आधी हिमोग्लोबिन बघायला सांगा. गरोदर नसलेल्या बाईत १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना तो आहे. गोळ्या डॉक्टर देतील, ट्रेनरनं देऊ नये. ट्रेनरनं एवढंच सांगायचं: जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर, आणि पालेभाजी-डाळीवर लिंबू.

दोरीउड्या मारताना लघवी निसटते त्यांच्या उड्या थांबवा. त्याऐवजी स्टेपवर चढउतार, उचलताना श्वास सोडायचा, आणि फिजिओकडे पाठवा. ‘वय झालं की होतंच’ हे वाक्य ट्रेनरच्या तोंडी नको.

ताटाचा हिशेब

तर्री-पोह्यांची प्लेट पोट भरते, प्रथिनं मात्र कमीच देते. तर्रीतले चणे जास्त मागून घ्या, तेल वर राहू द्या. ५५ किलोच्या, वजनं उचलणाऱ्या बाईला किलोमागे १.६ ग्रॅम धरले तर दिवसाला ८८ ग्रॅम प्रथिनं लागतात. साध्या घरात असं जमतं: दोन अंडी १२, दोन वेळची तुरीची डाळ (कोरडी ३०-३० ग्रॅम) १३, ज्वारीच्या दोन भाकरी १०, सोया वड्या कोरड्या ५० ग्रॅम २६, पाव लिटर दूध ८, फुटाणे ५० ग्रॅम १०, वाटीभर दही ५. बेरीज ८४, बाकी भात-भाजीतून येतं. अंडी नको असतील तर ७० ग्रॅम पनीर. सावजीचा रस्सा रविवारी खा, पण त्याला ‘प्रोटीन मील’ म्हणू नका, बाप्पा.

आठवडा ९–१२: उन्हाळा

मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा सकाळी साडेसहानंतर चाल नको. जिममध्ये डेझर्ट कूलर असेल तर समोरची खिडकी उघडी हवीच. बंद खोलीत कूलर हवा ओली करतो, घाम वाळत नाही आणि शरीर थंडच होत नाही. ओलीमुळे पकडही सुटते: रॉड कोरड्या फडक्यानं पुसा, हाताला चॉक लावा. एप्रिलमध्ये ज्या सेटला ‘दोन शिल्लक’ वाटायचे तोच मेमध्ये शेवटचा वाटतो. त्या दिवशी एक सेट कमी करा, वजन तेच ठेवा.

व्यायामाआधी आणि नंतर वजन करा. अर्धा किलो घटलं तर साधारण अर्धा लिटर पाणी गेलं. घरचं जलसंजीवनी: १ लिटर पाण्यात चहाच्या चमच्यानं सपाट ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका. मळमळ, चक्कर, घाम यायचा थांबून अंग तापणं यापैकी काहीही दिसलं तर सेट तिथेच सोडा.

परीक्षेच्या तयारीची पानं

एसीईची (अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज या संस्थेची) ट्रेनरची परीक्षा १५० प्रश्नांची, ३ तासांची, वय किमान १८. सीपीआर-एईडीचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं आणि शॉकचं यंत्र वापरणं) प्रमाणपत्र हवं, तेही पुतळ्यावर प्रत्यक्ष सराव केलेलं, नुसते व्हिडिओ पाहून मिळालेलं नाही. छातीवरचे दाब मिनिटाला १०० ते १२०, ५ ते ६ सें.मी. खोल, ३० दाबांमागे २ श्वास. एसीईच्या प्रमाणपत्राचं दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी २० तासांचं पुढचं शिक्षण. देशी वाट हवी असेल तर क्रीडा आणि फिटनेस क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचा फिटनेस ट्रेनर अभ्यासक्रम आहे.

पाठांतरात जास्त वेळ जातो तो स्नायूंच्या नावांत. रोज बॅच संपल्यावर एक व्यायाम घ्या आणि कोणता सांधा, कुठली हालचाल, कोणता स्नायू, चुकलं तर कुठे दुखेल हे चार रकाने वहीत भरा. आणि हात लावून दुरुस्त करण्याआधी ‘ताई, हात लावू का?’ विचारायची सवय आत्तापासून लावा.

आठवडा १३

२५ मेपासून नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक तापाचे नऊ दिवस. सगळ्यांचे सेट निम्मे, वजन १२ व्या आठवड्याच्या ८० टक्के, बॅच साडेपाचला. पावसाळ्याआधी रॉड तारेच्या ब्रशनं घासून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवायचा. लटकण्याचा सराव आता बारवर वर जाऊन तिथून ५ सेकंदांत हळूहळू खाली उतरण्यावर, ३ × ३.