सर्व्हो अक्ष, नोंद ५ : शून्य नेमकं कुठलं?

मंडळी, गेल्या नोंदीत सर्व्हो मोटर, म्हणजे स्वतःची जागा मोजत सांगितलेल्या जागी थांबणारी मोटर, फिरली होती. ती परत त्याच जागी येते का, हे बघण्यात पुढचे तीन आठवडे गेले.

जोडणी तीच : ४०० वॅटची एसी सर्व्हो मोटर, तिच्या मागे एका फेऱ्याला २५०० पल्स देऊन शाफ्ट किती फिरला ते सांगणारा इन्क्रिमेंटल एन्कोडर, मोटर चालवणारा, कुर्ल्याच्या भंगारातून आणलेला ड्राइव्ह आणि ५ मिमी पिचचा बॉलस्क्रू (एका फेऱ्यात टेबल ५ मिमी सरकवणारा स्क्रू). ड्राइव्ह पल्स चौपट मोजतो, म्हणजे एका फेऱ्याला १०,००० काउंट, एका काउंटला अर्धा मायक्रॉन. आणि माझा टेबल वीस वेळा पुढे-मागे केला की डायल गेजवर (बारीक अंतर मोजणाऱ्या घड्याळावर) पाव मिलिमीटरचा फरक! ड्राइव्हला पल्स पाठवून हुकूम देणाऱ्या कंट्रोलरवर मात्र फरक शून्य.

आधी संशय मोटर आणि बॉलस्क्रू जोडणाऱ्या कपलिंगवर. त्याचे ग्रब स्क्रू आवळले, फरक तेवढाच. मग सीडी मार्करने मोटरच्या शाफ्टवरून फ्लँजवर (मोटरच्या न फिरणाऱ्या तोंडावर) सरळ रेघ मारली आणि पुन्हा वीस फेऱ्या. १४ मिमीच्या शाफ्टवर रेघ दोन मिलिमीटर सरकलेली दिसली. म्हणजे कपलिंग आणि बॉलस्क्रू दोन्ही निर्दोष. उरल्या दोन शक्यता : हुकमाचे पल्स गळतात, किंवा एन्कोडरची मोजणी चुकते. कंट्रोलरकडून येणारे पल्स गळत असते, तर ड्राइव्हच्या मॉनिटरवर एन्कोडरचा आकडाही तेवढाच चुकलेला दिसला असता. पण तिथेही शून्यच. शाफ्ट सरकलाय आणि एन्कोडर म्हणतोय जागेवर आहे, म्हणजे मोजणीतच गडबड. त्या रात्री झोप लागली नाही, इतका आनंद झाला.

एन्कोडरची केबल उघडली. ड्राइव्हकडच्या टोकाला शिल्ड (नॉइज अडवणारी तारांभोवतीची धातूची जाळी) कापून वर टेप गुंडाळलेली, आणि ही केबल मोटरच्या पॉवर केबलला टायने हातभर बांधलेली. ड्राइव्हमधले आयजीबीटी (मोटरला वीज देणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात, तो सगळा नॉइज, म्हणजे विजेचा गोंगाट, शेजारच्या तारांत उतरत होता. लॅमिंग्टन रोडवरून पिळाच्या जोड्यांची शिल्डेड केबल आणली. दुकानातल्या काकांनी मीटर मोजता मोजताच विचारलं, "शिल्ड कुठे बांधणार?" कनेक्टरच्या धातूच्या कवचाला चहूबाजूंनी आवळली. दोन्ही केबल लांब ठेवल्या, जिथे ओलांडतात तिथे काटकोनात. दोनशे फेऱ्या झाल्या, रेघ जागेवर आहे.

त्यानंतर ट्यूनिंग, म्हणजे गेन (चूक दिसली की ड्राइव्ह ती किती जोराने सुधारतो) ठरवणं, सोपं गेलं. मोटरचा करंट सांभाळणारा आतला लूप ड्राइव्ह स्वतःच बघतो. स्पीड गेन मोटर गुणगुणेपर्यंत वाढवला, थोडा खाली आणला, मग पोझिशन गेन. उलट्या क्रमाने करू नका, मी आधी तेच करत होतो.

आता पुढचा अडथळा : झटकन थांबवलं की ओव्हरव्होल्टेजचा अलार्म. ड्राइव्ह घरची एसी वीज रेक्टिफायरने डीसी करून साठवतो, ती डीसी बस. २३० व्होल्टच्या लाइनवर ती ३२५ व्होल्टच्या आसपास असते. ब्रेक लागताना मोटर जनरेटर होऊन त्यात भर घालते, आणि रेक्टिफायरमधून ती ऊर्जा मागे लाइनमध्ये जात नाही. म्हणून ती ऊर्जा उष्णतेत जिरवायला मॅन्युअलमधला किमान ओहम बघून बाहेरून रेझिस्टर लावतोय. डीसी बसमध्ये वीज उरली आहे हे दाखवणारा ड्राइव्हवरचा चार्जचा दिवा पूर्ण विझल्याशिवाय टर्मिनलला हात लावणार नाही. रविवारी साकीनाक्याला मित्राच्या गाळ्यात रेझिस्टरसाठी पत्र्याचा स्टँड वाकवायचा आहे.