मुंबई–दिल्ली उड्डाणवेळ: परतीच्या फेरीतली मिनिटं जातात कुठे?

दिल्ली–मुंबई फेरीचा हिवाळी हिशेब अखेर जुळायला लागलाय. उड्डाणवेळ काढायची माझी स्प्रेडशीट प्रत्यक्षापेक्षा सतत कमी वेळ दाखवत होती, त्यातली निम्मी गाठ सुटली.

अंतराचा विषय बंद. पृथ्वी गोल (त्रिज्या ६,३७१ किमी) धरून हॅवरसाइनने (गोलावरचं अंतर काढायचं सूत्र) ११३८ किमी, म्हणजे ६१५ नॉटिकल मैल (पुढे ‘मैल’ म्हणजे हेच). डब्ल्यूजीएस ८४ वर, म्हणजे जीपीएस वापरतं त्या किंचित चपट्या पृथ्वीवर, तीन-साडेतीन किमी कमी. वेळेत अर्ध्या मिनिटाचाही फरक नाही, उगाच विन्सेंटीच्या (चपट्या पृथ्वीसाठीचं किचकट सूत्र) मागे लागू नका. दिशा काढताना मात्र जपा. एक्सेल, गूगल शीट्स, लिब्रेऑफिस या तिन्हींत एटॅन२ ला (एक्स-वाय वरून कोन देणारं फंक्शन) आधी एक्स, मग वाय, पायथनमध्ये उलट. सूत्र जसंच्या तसं चिकटवलं की २१ अंशांऐवजी ६९ येतात आणि वाऱ्याचं सगळं गणित ढासळतं.

आता तो वारा. समजा पश्चिमेचा १२० नॉट, टीएएस (हवेच्या सापेक्ष विमानाचा खरा वेग) ४५० नॉट, मार्ग उत्तरेपासून सरासरी २२ अंश. दिल्लीहून येताना समोरून येणारा घटक ४५ नॉट, म्हणून ग्राउंड स्पीड (जमिनीच्या सापेक्ष वेग) ४०५, असं बहुतेक शीट्स सांगतात. पण आडवा घटक १११ नॉट आहे, आणि मार्ग धरून ठेवायला विमानाला नाक वाऱ्याकडे वळवावं लागतं. ४५० चा वर्ग वजा १११ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ४३६. त्यातून ४५ गेले की ३९१. मुंबईहून जाताना ४८१. क्रूझच्या (स्थिर उंचीवरच्या टप्प्याच्या) ३८५ मैलांना जाताना ४८ मिनिटं, येताना ५९. आडव्या वाऱ्याची दीड-दोन मिनिटं दोन्ही दिशांना खर्चात पडतात, हेच निसटत होतं.

क्रूझ ३८५ च का? चढाईला सुमारे १२५ मैल, उतरायला दर हजार फुटांना ३ मैल धरून १०५. म्हणजे येताना क्रूझ साधारण जयपूरजवळ सुरू, वलसाडच्या अक्षांशाला संपते. हिवाळी जेटचा (उंचावरच्या वेगवान पश्चिमी वाऱ्याच्या पट्ट्याचा) गाभा उत्तरेकडे, तेव्हा सबंध मार्गाला एकच वारा लावणं चूक. २६, २४ आणि २२ अंश उत्तर अशा तीन ठिकाणी जीएफएसचे (अमेरिकेचं जागतिक हवामान मॉडेल) वारे घ्या. येताना सम फ्लाइट लेव्हल (एफएल, शेकडा फुटांतली उंची) मिळते: एफएल ३४० म्हणजे ३४,००० फुटांना मॉडेलचा २५० हेक्टोपास्कल दाबाचा थर थेट चालतो, ३६० ला तो आणि २०० चा थर यांच्यामधली किंमत काढा.

उरलेली मिनिटं मुंबईच्या आगमनात आहेत. दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे रांग ठरलेली. उत्तरेकडून आलेलं विमान धावपट्टी २७ साठी (पश्चिमेकडे तोंड करून उतरायची) पूर्वेला नेऊन पश्चिमेला वळवतात. त्यात २० मैल वाढले तर २२० नॉटने साडेपाच मिनिटं. होल्डिंगचा (हवेत घिरट्या घालत थांबण्याचा) एक फेरा चार मिनिटांचा. याला सरासरी लावण्याचा बेत होता, तो रद्द. ४० मैलांचं वर्तुळ ओलांडल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ एडीएस-बी वरून (विमान स्वतःच प्रसारित करतं ते स्थान, साध्या रिसीव्हरवर मिळतं) तासवार वेगळा नोंदायचा. त्यासाठी खालच्या उंचीचे सिग्नल हवेत: अँटेना गच्चीवर, केबल आखूड, आणि एलएनएच्या (सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) आधी १०९० मेगाहर्ट्झचा फिल्टर. मोबाइल टॉवरांच्या गर्दीत नुसता एलएनए लावला तर डोंगल (यूएसबी रिसीव्हर) बधिर होतो. डोंगलमधल्या टीसीएक्सओवर (तापमानाने न ढळणारं घड्याळ-स्फटिक) जादा पैसे घालू नका, एडीएस-बी ला त्याचा उपयोग नगण्य; धातूचं कवच मात्र घ्या.

लिहिता लिहिता सुचलं: मोड एस मधल्या (रडारला विमान देतं ती उत्तरं) बीडीएस ५,० या नोंदीत टीएएस आणि ग्राउंड स्पीड, ६,० मध्ये हेडिंग (नाकाची दिशा). पायमोडएस या पायथन लायब्ररीने दोन्ही उलगडले की प्रत्यक्ष वाराच हाती येतो. हेडिंग चुंबकीय असतं, तेवढी दुरुस्ती करायची. अडचण एकच. एफएल ३४० वरचं विमान मुंबईतून फार तर ४२० किमीवरून दिसतं, म्हणजे वडोदऱ्याच्या जरा पुढेपर्यंत. जेटचा खरा पट्टा त्याच्या उत्तरेला. जयपूर-उदयपूर भागात कुणाचा रिसीव्हर असेल तर कच्चा मोड एस लॉग चालेल, जानेवारी-फेब्रुवारीचा असला तर उत्तम.