सायकल व्हिएतनाममध्ये, पैसे शाहूवाडीला

आमच्या दहावीच्या बॅचमधल्या काही जणांनी फेब्रुवारीत व्हिएतनाममध्ये हुए ते होई आन सायकल चालवली आणि त्या निमित्ताने शाहूवाडी तालुक्यातल्या वाड्यांवरच्या मुलींना शाळेसाठी सायकली घ्यायला पैसे उभे केले. हे कसं जमवलं, असं बरेच जण विचारतात, म्हणून लिहिते आहे. वाटेतल्या घाटापेक्षा पैशांबद्दल जास्त लिहीन, कारण सगळ्यात जास्त विचार तिथेच करावा लागला.

पहिली देणगी मागायला आम्ही कोल्हापुरातल्या शाहूपुरीत गेलो होतो. एका मित्राचे काका गुळाचे व्यापारी. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "हौस तुमची आणि पैसा आमचा, असं हाय व्हय?" प्रश्न अगदी रास्त होता. परदेशात अशा धर्मादाय सहलींमध्ये जमलेल्या रकमेतूनच प्रवासाचा खर्च भागवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. देणाऱ्याला ते आधी सांगितलेलं असेल तर त्यात गैर नाही, पण मला ते पटत नाही. दहा रुपये देणाऱ्याला ते दहाच्या दहा मुलीपर्यंत पोचतात हे दिसलं पाहिजे. त्या रात्री रंकाळ्यावर बसून आम्ही नियम केला: विमान, व्हिसा, हॉटेल, जेवण, सगळं ज्याचं त्याने करायचं. देणगीच्या पैशाला आपला हातसुद्धा लागता कामा नये.

आता आमच्यात एक डॉक्टर आहे तसा एक गॅरेजवालाही आहे. सगळ्यांना एकदम एवढी रक्कम काढणं शक्य नव्हतं. मग भिशी लावली. दर महिन्याला पैसे भरायचे आणि ज्याची नड मोठी त्याने आधी उचलायचं. तिकिटं भिशीतूनच निघाली. कोल्हापुरात भिशी कशी चालते हे कुणाला शिकवावं लागत नाही, त्यामुळे हा भाग सगळ्यात सुरळीत पार पडला.

देणगीचं मात्र तसं नव्हतं. आपल्याकडे कुणीही उठून धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करू शकत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधल्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणपती मंडळं दरवर्षी काढतात तीच. आमच्यातल्या सीए मैत्रिणीने दुसरा रस्ता सुचवला. त्या भागात आधीपासून काम करणारी नोंदणीकृत संस्था गाठायची, देणगीदाराने थेट तिच्या खात्यात पैसे भरायचे आणि पावती तिनेच द्यायची. संस्थेकडे ८०-जी, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची मान्यता, असल्यामुळे करसवलत हवी असणाऱ्यांची सोय झाली. त्यासाठी पॅन द्यावा लागतो आणि २००० रुपयांच्या वर रोख दिलं तर सवलत मिळत नाही, हे प्रत्येकाला आधीच सांगत होतो. पॅन व्हॉट्सॲपवर मागवले नाहीत. लोकांनी ते संस्थेच्याच अर्जावर भरले.

सगळ्यात जड गेलं ते आमच्याच एका वर्गमित्राला नाही म्हणणं. देणगी द्यायला असे दोन वर्गमित्र पुढे आले होते. दोघेही अमेरिकेत असतात, दोघांनाही मनापासून द्यायचं होतं. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने परदेशातून स्वतःच्या बचतीतले पैसे रीतसर बँकेमार्फत दिले तर ती परकीय देणगी धरत नाहीत. पण तिकडचं नागरिकत्व घेतलं की, हातात ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड असलं तरी, ती परकीय देणगी होते आणि संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते. या संस्थेकडे ती नव्हती. एकाचा पासपोर्ट भारतीय होता, त्याचे घेतले. दुसऱ्याला म्हटलं, पैसे नको, तूच ये. तो आला.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीवाल्यांना जर्सीवर मोठं नाव आणि फोन नंबर हवा होता. देणगीदाराचं नाव कृतज्ञतेने छापणं वेगळं आणि धंद्याची जाहिरात करणं वेगळं. जाहिरात झाली की जीएसटीचा प्रश्न येतो. शेवटी पाठीवर बारीक अक्षरांत सगळ्या देणगीदारांची नावं आली. कुणाचं मोठं नाही, कुणाचं लहान नाही.

बरेच जण किलोमीटरमागे रक्कम बोलतात आणि नंतर विसरतात. म्हणून ठरलेल्या मार्गाचे पैसे आधीच भरायला सांगितले आणि शब्द दिला की तिकडे राहिलेलं अंतर कोल्हापुरात पूर्ण करू.

सराव पन्हाळ्याचा आणि गगनबावड्याचा. हुए आणि दा नांग या शहरांमधला हाय वान घाट समुद्रकिनाऱ्यापासून ४९६ मीटर चढतो. कोल्हापुरातून वाघबीळमार्गे पन्हाळा गाठतानाही चांगला चढ लागतो, त्यामुळे पायांची काळजी नव्हती. तिथली दमट हवा मात्र पन्हाळ्यावर मिळत नाही.

व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या निघतो. एकदाच प्रवेशाचा २५ डॉलर, मुदत ९० दिवसांपर्यंत. कुठल्या विमानतळावर उतरणार तेही अर्जात लिहावं लागतं आणि नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. सायकलींसाठी दुकानदाराकडून रिकामे खोके मागून आणले. पेडल काढताना लक्षात ठेवा, डाव्या पेडलचा आटा उलटा असतो. टायरमधली हवा कमी करायची, मागचा डीरेलर (गिअर बदलणारा भाग) सोडवून फ्रेमला बांधायचा, पॉवर बँक जवळच्या बॅगेत ठेवायची.

दा नांगला उतरून गाडीने हुएला गेलो आणि सायकलने परत निघालो. तिकडे वाहनं उजवीकडून चालतात. चौकाआधी पुढचा मोठ्याने "उजवीकडं!" ओरडायचा, ही पद्धत शेवटपर्यंत ठेवली. घाटाखालून २००५ पासून बोगदा आहे. त्यात सायकलींना बंदी, पण ट्रक आणि बस तिकडूनच जातात, म्हणून मोटारसायकली आणि टँकर सोडले तर वरचा रस्ता मोकळा मिळतो. लांग कोच्या खाडीपासून चढ सुरू होतो आणि माथ्यावर एका बाजूला हुए, दुसऱ्या बाजूला दा नांग. होई आनहून एक दिवस आम्ही ‘मी सन’ नावाच्या ठिकाणी गेलो. चंपा या जुन्या राज्याच्या राजांनी बांधलेली विटांची शिवमंदिरं तिथे आहेत. युद्धात बॉम्बनी बरीच पडली. भारतीय पुरातत्त्व खात्याने तिथे जतनाचं काम केलं आहे आणि २०२० मध्ये त्यांनाच नवव्या शतकातलं अखंड दगडी शिवलिंग सापडलं. आपल्या सरकारी खात्याचं काम इतक्या लांब पाहून मला फार अभिमान वाटला.

डॉक्टर मित्राचा गुडघा दा नांगनंतर दुखायला लागला, त्याने पुढचा टप्पा गाडीतून केला. परत आल्यावर बरा झाला आणि राहिलेले किलोमीटर त्याने पन्हाळा रोडवर पूर्ण केले. ॲपवरची नोंद देणगीदारांना पाठवली.

मुलींची यादी शाळेने केली, आम्ही त्यात पडलो नाही. कुणाच्या गावाला एसटी अवेळी येते, कोण किती चालते, हे शिक्षकांनाच ठाऊक. मुख्याध्यापकांनी एक अट घातली होती: सायकलीबरोबर पंप आणि पंक्चरचं सामान द्या आणि प्रत्येक वाडीत कुणाला तरी दुरुस्ती शिकवा, नाहीतर पावसाळ्यानंतर सायकली पडून राहतात. आमच्या सगळ्या हिशेबात ही सूचना मला सगळ्यात मोलाची वाटते. जूनमध्ये शाळेच्या आवारात वाटप झालं. भाषणं नाहीत, मुलींना रांगेत उभं करून फोटो नाहीत. दुरुस्ती शिकवायला आमचा गॅरेजवाला मित्र जातो, आणि शिकणाऱ्यांत मुलांपेक्षा मुलीच जास्त असतात.