चक्कीचं मडकं

दुपारी ओसरीत लवंडलो होतो. शेजारून टीव्हीचा ‘टुडुम’ आला आणि मान आपोआप तिकडे वळली. नेटफ्लिक्स लागलं. हा आवाज लॉन बेंडर नावाच्या ध्वनिकाराचा. त्यात त्याची लग्नाची अंगठी पलंगाशेजारच्या कपाटावर ठोकल्याचा ठोका आहे. शेवटी बकरीचं ‘बेंऽ’ जोडायचंही घाटत होतं म्हणे. बरं झालं, राहिलं. आमच्या गल्लीत सांजच्याला घरोघर नेटफ्लिक्स सुरू झालं असतं.

संगणकावर विंडोज ९५ उघडतानाच्या सुरासाठी ब्रायन ईनो या संगीतकाराने ८४ तुकडे रचले होते, आणि तेही विंडोजच्या स्पर्धकाच्या, ॲपलच्या मॅकवर! त्यातला एक राहिला. हे वाचलं तेव्हा मला आमचे चक्कीवाले काकाजी आठवले.

काकाजींची चक्की डिझेल इंजिनावर चालायची. चालू आहे हे गावाला कळावं म्हणून धुराड्यावर मडकं बसवलेलं. इंजिनाच्या दर फुत्काराला आतली हवा घुमायची, कुक्‌, कुक्‌, कुक्‌. एकदा ते मडकं तडकलं. काकाजींनी कुंभाराकडून टोपलंभर मडकी आणली आणि आम्हा पोट्ट्यांना नाल्याच्या काठाने उभं केलं. ऐकू आलं की हात वर करायचा. मोठ्या मडक्याचा आवाज इंजिनाच्या धडधडीतच बुडून जाई, अगदी लहानाचा चिरका निघे. कोणीतरी तेलाचा डब्बा सुचवला, तोही लावून झाला.

“डब्बा इथंच कल्ला करते,” काकाजी म्हणाले, “मले पल्याड जाणारा पाह्यजे.”

शेवटी काठाचा टवका उडालेलं एक मडकं पास झालं. का, ते त्यांनाच ठाऊक. पण माय चुलीपुढे बसून सांगायची, “आपली चक्की लागली. जा, जवारी टाकून ये.” शेजारच्या गावच्या चक्कीला ती कधी फसली नाही.

आता भंगारवाला, चटईवाला, कांदेवाला, सगळ्यांच्या भोंग्यात रेकॉर्ड केलेली एकच बाई ओरडते. ती आली की मी कडी लावून घेतो.

पुढे काकाजींनी विजेची मोटर बसवली आणि मडकं उतरलं. लोक डोक्यावर गहू घेऊन यायचे, कुलूप पाहून परत जायचे. मग पोराचं ऐकून काकाजींनी चक्कीवर भोंगा लावला, त्यावर सिनेमाची गाणी. पहिल्याच दिवशी वस्तीवरचे दोघं-तिघं धुतलेले कपडे घालून आले. कोणाचं लग्न आहे, विचारत होते.