बाकाखालची मोकळी जागा

शाळेच्या मैदानाच्या कडेला खुला वर्ग आखण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्याचा वापर दोन पिढ्या करणार होत्या: सकाळी प्राथमिक शाळेची मुले आणि संध्याकाळी साक्षरता वर्गाला येणारी वयस्कर मंडळी. मी अर्धवर्तुळाकार भरीव पायऱ्या सुचवल्या आणि त्यांची उंची सगळीकडे ४० सेंमी धरली. मुलांना थोडी जास्त, मोठ्यांना थोडी कमी. कागदावर हा मध्यममार्ग मला पटला होता.

बांधकामापूर्वी जमिनीवर फक्की मारून आणि प्लायवूडची खोकी मांडून आम्ही खऱ्या मापाच्या पायऱ्या उभ्या केल्या आणि दोन्ही वर्ग एकाच दिवशी तिथे भरवले. सकाळी पहिलीच्या मुलांचे पाय अधांतरी लोंबत राहिले. पाय टेकावेत म्हणून ती काठापर्यंत घसरत आली आणि मांडीवर वही ठरेना.

संध्याकाळी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी दुसऱ्या पायरीवर बसल्या. तास संपल्यावर त्यांनी दोन्ही बाजूंना हात चाचपले, पण धरायला काहीच नव्हते. मग त्यांनी टाचा मागे घेतल्या, तर त्या खोक्याच्या उभ्या फळीला अडल्या. बसलेला माणूस उठतो तो पावले गुडघ्यांच्या मागे नेऊन, पुढे वाकून, अंगाचा भार त्यांवर घेऊनच. आणि नेमकी तीच जागा मी बंद करून टाकली होती. शेवटी शेजारणीने हात दिला तेव्हा त्या उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "उद्यापासून मी उभीच राहीन." या वयात अक्षरे गिरवायला येणाऱ्या बाईंना माझ्या आराखड्यामुळे असे ठरवावे लागले, हे मला फार लागले.

त्याच तासाला आणखी एक चूक उघडी पडली. मी शिक्षकांची जागा पश्चिमेला ठेवली होती. सकाळी त्याचा त्रास झाला नव्हता, पण मावळतीचे ऊन समोरून येऊ लागताच शिक्षकांचा चेहरा काळ्या आकृतीसारखा दिसू लागला. वयानुसार डोळ्यांना झगमगाट अधिक त्रास देतो, आणि ऐकू कमी येणारी माणसे बोलणाऱ्याच्या ओठांवर बरीच विसंबून असतात. त्यामुळे मागच्या रांगेतले दोघेजण शब्द पुन्हा पुन्हा विचारत होते.

मी आराखडा नव्याने काढला. शिक्षकांची जागा उत्तरेला, दाट झाडीच्या पार्श्वभूमीवर नेली, म्हणजे सकाळचे किंवा संध्याकाळचे ऊन कोणाच्याच थेट समोर येणार नाही. पुढची रांग २८ सेंमीची केली. मागे ४५ सेंमी उंचीचे, पाठ आणि हात असलेले, खालून मोकळे बाक घेतले, आणि तिथवर पोहोचण्यासाठी १:१२ चा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबीचा, उतार दिला. दोन्ही रांगा मात्र एकाच कमानीत ठेवल्या. आजी आणि नात एखाद्या दिवशी एकत्र शिकायला बसल्या, तर त्यांच्यात भिंत नको होती.

दुसऱ्या चाचणीला त्या आजी पुन्हा आल्या. बसण्याआधी त्यांनी वाकून बाकाखाली पाहिले आणि टाच आत सरकवून बघितली.