पाऊस नसताना फुटलेली पालवी

गेल्या दिवाळीनंतर आमच्या शॉपवर जी वेळ आली ती मी घरच्यांशिवाय कुणालाच सांगितली नव्हती, आज लिहितोय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं टर्निंगचं, म्हणजे लेथवर लोखंडी भाग कातून द्यायचं, छोटं शॉप आहे, दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन, वडिलांनी उभं केलेलं. जिच्या जीवावर आमचं जवळजवळ सगळं काम चालायचं त्या एका कंपनीनं ऑर्डर बंद केल्या आणि आधीचं बिलही अडकवून ठेवलं, फोन केला की पुढच्या आठवड्यात बघू, पुढच्या आठवड्यात केला की साहेब मिटिंगमध्ये. हाताखाली एक पोरगा होता, चांगलं काम शिकला होता, त्याला दुसरीकडं लावून द्यावं लागलं. त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

रात्री तीन-साडेतीनला जाग यायची आणि हप्त्याचे आकडे डोक्यात फिरायला लागायचे. मग पाचला उठून रंकाळ्याला चालायला जायला लागलो, फिटनेस वगैरे काही नाही, घरात छताकडं बघत पडवत नव्हतं म्हणून. माघ संपत आलेला. वाटेवर एक पिंपळ आहे, त्याची पानं पिवळी पडून सगळी खाली, आणि झाड असं बोडकं की मला वाटलं वाळलंच. रोज त्याच्याकडं बघायचो. का कोण जाणे, पण त्याच्यापाशी आलो की पावलं थांबायची.

फाल्गुनात एके दिवशी बघतो तर फांद्यांच्या टोकाला काहीतरी तांबूस. जवळ जाऊन एक फांदी वाकवली. एवढुसं पान, तांब्याच्या भांड्याला नुकतीच चिंच लावून घासल्यावर जो रंग येतो तो रंग, आणि इतकं तलम की उजेडाच्या बाजूला धरलं तर पलीकडचं पाणी दिसेल. बोटाला ओलसर लागलं. मी तिथंच उभा राहिलो. पाऊस पडून चार-पाच महिने झालेले, वळिवाचा पत्ता नाही, ऊन दिवसेंदिवस चढतंय, नदीचं पाणी खाली चाललंय, आणि हे झाड आत्ता पालवी काढतंय! जूनची वाट बघत नाही. मुळं जिथपर्यंत खाली गेलीत तिथं ओल आहे हे त्याला माहीत आहे, ती ओल वरून कुणाला दिसत नाही एवढंच.

आई रोज सकाळी गीतेचा एक अध्याय वाचते. दहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की महिन्यांमध्ये मार्गशीर्ष मी आणि ऋतूंमध्ये वसंत मी. लहानपणापासून कानावर पडलेलं, पण या वर्षी पहिल्यांदा मी आईला विचारलं, अगं, आपल्याकडं सगळं पावसावर चालतं, मग पावसाळा मी असं का नाही म्हटलं देवानं? आई चष्मा पुसत म्हणाली, "पाऊस पडल्यावर कोण पण हिरवं होतंय रे." एवढंच बोलली आणि पुढं वाचायला लागली. मी दिवसभर शॉपवर ते वाक्य घेऊन बसलो होतो. टीकाकारांनी काय अर्थ लावलेत ते मला सांगता येणार नाही, मला मात्र माझा अर्थ त्या दिवशी मिळाला.

पाडव्याला गुढी उभारली, कडुलिंबाचा फुलोरा, गूळ, हिंग, भिजवलेली डाळ वाटून आईनं हातावर ठेवलं. दरवर्षी मी ते कसंबसं गिळायचो, यंदा सावकाश चावून खाल्लं. आधी कडू लागतं, मग गूळ येतो, पण कडू जात नाही, दोन्ही बरोबरच राहतात जिभेवर.

आणि मग जोतिबा. आमचे मिस्त्री, मी त्यांना मामा म्हणतो, वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडं आहेत, त्यांच्या गावची सासनकाठी, म्हणजे देवाची मानाची काठी, दरवर्षी चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीला, जोतिबाच्या डोंगरावर जाते. या सगळ्या महिन्यांत त्यांनी पगाराचं तोंडातून काढलं नाही. ते म्हणाले, "दादा, यंदा काठीला हात लावा." गेलो. डोंगरावर जी गर्दी, जो गुलाल, रस्ते, पायऱ्या, माणसांच्या पापण्यासुद्धा गुलाबी, आणि चांगभलंचा गजर असा की छातीत धडधडतो. मानाची पहिली काठी साताऱ्याकडच्या पाडळीची. मराठा सरदार राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधलेलं हे देऊळ, तेव्हापासून किती लोकांनी आपापलं ओझं या दगडांपाशी आणून ठेवलं असेल असं मला तिथं उभं राहून वाटलं आणि डोळे भरून आले.

काठी म्हणजे उंचच्या उंच बांबू, कापडानं सजवलेला, कमरेच्या पट्ट्यावर तोलायचा आणि नाचवायचा. माझ्या कमरेवर आली तेव्हा हात थरथरायला लागले, मी घट्ट धरायला गेलो तशी ती जास्तच कलायला लागली. मामा ओरडले, "हाताकडं बघू नका दादा, शेंड्याकडं बघा!" मान वर केली. निळं आभाळ, त्यात काठीचं टोक हलतंय, आणि चारी बाजूंनी दोऱ्या ताणून धरलेली माणसं, त्यातली निम्मी मला ओळखत पण नव्हती, मी जिकडं कलेन त्याच्या उलट बाजूला ती दोरी ओढत होती. किती वेळ धरली माहीत नाही, एक मिनिट असेल फार तर. त्या एका मिनिटात मला कशाचीही भीती नव्हती. गेल्या पाच महिन्यांत पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी रात्री अंबाबाईचा रथ निघाला, आईला घेऊन गेलो, रस्ताभर रांगोळ्या आणि फुलं. आईनं हात जोडले आणि किती तरी वेळ खाली घेतले नाहीत. काय मागितलंस असं मी विचारलं नाही.

बिल अजून आलेलं नाही हे पण सांगतो, कारण देवाला गेलो आणि लगेच सगळं मिटलं असं लिहिलं तर खोटं होईल. पण त्यानंतरच्या सोमवारी मी स्वतः उद्यमनगरातल्या सात-आठ शॉपमध्ये जाऊन काम मागितलं, जे मी लाजेपोटी पाच महिने करत नव्हतो. आणि दुपारी एक रसवंतीवाला आला, त्याच्या चरकाच्या रोलचा शाफ्ट झिजला होता, उन्हाळ्याचा धंदा खोळंबलेला त्याचा. मामांनी तो शाफ्ट लेथच्या चकमध्ये, म्हणजे जॉब पकडून फिरवणाऱ्या पकडीत, बांधला. जोतिबावरून आणलेली सुवासिक दवण्याची काडी मी लेथच्या डोक्यावर, हेडस्टॉकवर ठेवली होती, लेथ सुरू झाली, कुलंट म्हणजे जॉब थंड ठेवायचं तेलपाणी तापलं, आणि त्या तेलकट वासातनं दवण्याचा वास यायला लागला. मामांनी माझ्याकडं बघितलं, काही बोलले नाहीत, हळूच कट घेतला.