खिशातला चालू फोन

काकांनी एफडीच्या पावत्या काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाले, "सगळ्या मोडायच्या. आजच आरटीजीएस करायचंय." महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला वेळेत देणारा, पासबुकातली नोंदन्‌नोंद ताडून बघणारा. मी सांगितलं, आता मोडल्या तर व्याज कमी बसेल, वर दंडही. एरवी त्यांनी एवढ्यावर कागद-पेन काढून हिशेब मांडला असता. त्या दिवशी नुसतं "चालेल" म्हणाले.

तिथेच मला खटकलं.

कारण विचारलं, तर मुलीला पुण्यात फ्लॅट घ्यायचाय. फॉर्मवर मात्र पैसे घेणारी कुठलीशी ट्रेडिंग कंपनी, आयएफएससी कोड परराज्यातल्या शाखेचा. "बिल्डर कोण?" म्हटल्यावर त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशातून फोनचं टोक वर आलं होतं आणि कॉल चालू असल्याची हिरवी पट्टी दिसत होती.

पलीकडे ऐकू जाईल अशा बेतानं मी म्हटलं, "सिस्टीम स्लो आहे काका, आत येऊन बसा." मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये एका भरणा स्लिपच्या पाठीवर लिहिलं: 'फोनवर कुणी ऐकतंय का? नुसती मान हलवा.' त्यांनी हलवली.

'ही फसवणूक आहे' असं तोंडावर सांगितलं की घाबरलेला माणूस चिडतो, उठतो आणि दुसऱ्या शाखेत जातो, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून स्लिप त्यांच्यापुढे सरकवली. वळणदार सरकारी अक्षरात त्यांनी लिहिलं: 'माझ्या आधारवर सिम. मनी लाँड्रिंग. सीबीआय. परवापासून व्हिडिओवर अटकेत. पैसे रिझर्व्ह बँकेत तपासून परत मिळणार.'

मी खाली लिहिलं: 'अटक केलेल्याला किती वेळात मॅजिस्ट्रेटपुढे नेतात?'

सगळी नोकरी तहसील कचेरीत गेलेली. त्यांनी लगेच लिहिलं: '२४ तास.' लिहून झाल्यावर पेन तिथेच थांबलं. मग स्वतःच्याच ओळीत वर जाऊन त्यांनी 'परवापासून'खाली रेघ मारली.

दुसरा प्रश्न मी लिहिला: 'पैसे रिझर्व्ह बँकेत जाणार, तर फॉर्मवर नाव कुणाचं?' आपल्यासारख्यांची खाती रिझर्व्ह बँकेत नसतातच. त्यांनी आपलाच फॉर्म बोट ठेवत वाचला आणि खिशातून फोन काढून कॉल तोडला. बोटं थरथरत होती. लगेच पुन्हा रिंग वाजली, तेव्हा साहेबांनी फोनच बंद केला.

पाणी प्यायल्यावर काकांनी विचारलं, "मग माझा आधार नंबर, पत्ता त्यांना कसा ठाऊक?" मला हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा वाटला, कारण सगळी भीती त्यावरच उभी होती. सिमकार्डाला, लॉजवर, कर्जाच्या अर्जाला आपण आधारची झेरॉक्स देत आलो. ती पुढे कुणाच्या हाती पडते ते आपल्याला कळत नाही. तेव्हा नंबर ठाऊक असणारा माणूस तेवढ्यावरून सीबीआयचा ठरत नाही.

'शिकलेली माणसं फसतातच कशी' असं कुणी म्हणालं की मला राग येतो. शिक्क्याच्या कागदावर विश्वास ठेवून काकांनी आयुष्यभर चोख काम केलं. ठगांनी नेमका तोच विश्वास हेरला. 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे अशी व्हिडिओ कॉलवरची अटक, असं काही कायद्यात नाही, हे ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितलेलं काकांनी ऐकलं होतं. २४ तासांचा नियमही त्यांना पाठ होता. पण कॉल तोडायचा नाही, घरात कुणाशी बोलायचं नाही, अशी ताकीद मिळाल्यावर ठाऊक असलेलं आठवायलाच उसंत मिळेना. शंका यायला थोडा वेळ लागतो आणि ती बोलून दाखवायला जवळ एक माणूस लागतो. कॉलवाल्यांनी दोन्ही तोडलं होतं.

"आता माझं म्हणणंही तसंच धरून चालू नका," मी म्हटलं. "पोलीस ठाण्यात जाऊन स्वतः विचारा." साहेब त्यांच्यासोबत गेले. पैसे गेलेच असते तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावायचा, तोही शक्य तितक्या लवकर, म्हणजे पुढच्या खात्यात रक्कम रोखता येण्याची शक्यता राहते, हेही मी त्यांना लिहून दिलं.

तासाभरात काका एकटेच परत आले. त्यांना तो भरलेला आरटीजीएस फॉर्म हवा होता, त्या कंपनीच्या खाते क्रमांकासकट, तक्रारीला जोडायला. मी मूळ फॉर्म दिला. आमच्या दप्तरी झेरॉक्स ठेवून घ्या, असं त्यांनीच मला बजावलं.